पौषातले पाहुणे

त्या वर्षी चंद्रपुरात धुकं असं पडायचं की जटपुरा गेटातून आत शिरलेली काळी गाय पलीकडून पांढरी होऊन निघायची. अशाच एका रविवारी, सकाळी आठच्या सुमाराला, दिव्यानी गेटाच्या आतल्या अंगाला उभी होती आणि एक अनोळखी पोरगा तिच्या डोक्यावर तिसरं हेल्मेट बसवून पाहत होता.

"वेणी जराशी कमी करता येईन का, बाई?" त्यानं विचारलं.

"हेल्मेट जरासं मोठं करता येईन का?" ती म्हणाली.

तो हसला. मग त्यानं स्वतःच्या डोक्यावरचं लाल हेल्मेट काढलं आणि तिच्यापुढे धरलं. ते बसलं. आतून त्याला खोबरेल तेलाचा वास होता आणि ते अजून गरम होतं. थंडीच्या सकाळी परक्या माणसाच्या डोक्याची ऊब आपल्या कानांना लागावी, हे काही बरं नव्हे... पण दिव्यानीनं ते काढलं नाही.

"मंग तुमाले?"

"मी पडत नाई. मी पडलो तं मागचे सहाही पडतीन. म्हणून मले पडायची सोयच नाई."

हा हेमराज. चंद्रपूरला येणारा माणूस वाघासाठी येतो, रेल्वेतून उतरतो, जीपमध्ये बसतो आणि ताडोब्याच्या वाटेला लागतो. वाघ दिसला तर फुगून, नाही दिसला तर रुसून तसाच परत जातो. मधलं एवढं मोठं शहर त्याला दिसतच नाही. हे हेमराजच्या फार जिवाला लागलं होतं. म्हणून त्यानं वेल्डिंगच्या दुकानातल्या एका मित्राला धरलं, दोघांनी मिळून पाइप वाकवले, ई-रिक्षाच्या जुन्या मोटरी बसवल्या आणि सात गो-कार्ट उभ्या केल्या. उभ्या कसल्या, बसक्या. बसलं की बूड जमिनीपासून वीतभर वर. वेग असा की दूधवाला सायकलवरून घंटी वाजवत पुढे निघून जायचा. पुढे हेमराजची गाडी आणि मागे सहा, बदकाच्या पिल्लांसारख्या. वार्डातल्या म्हाताऱ्या त्यांना बिनबैलाच्या रेंग्या, म्हणजे छोट्या बैलगाड्या, म्हणत. नियम एकच होता. रस्ता विचारायचा नाही, समोरची गाडी वळली की आपण वळायचं.

गाड्यांना रिव्हर्स नव्हता. चंद्रपूरचा माणूस मागं जात नाई, असं हेमराज सांगायचा. खरं म्हणजे ती तार जोडायला मित्र विसरला होता.

आता त्या गाड्या नाहीत. दोनच हिवाळे चालल्या. मोटरी पुन्हा ई-रिक्षांत गेल्या आणि ज्यांनी त्यातून शहर पाहिलं त्यांच्याजवळ तेवढ्या आठवणी उरल्या. कारण त्या गाडीत बसल्यावर शहर पाच वर्षांच्या लेकराच्या उंचीवरून दिसायचं. छपरं नाहीत, उंबरे दिसायचे. तोंडं नाहीत, गुडघे दिसायचे. ओट्याखालची कुत्री, चुलीपुढचं सारवण, दाराआडून डोकावणारी तुमच्याच एवढी लेकरं. पहिल्याच वळणावर दिव्यानीच्या ध्यानात आलं की या उंचीवरून तिनं हे शहर एकदा पाहिलं आहे. महाकालीच्या जत्रेत, आईचा पदर धरून. त्या दिवसातलं बाकी काही उरलं नव्हतं, फक्त पदराचा हिरवा रंग आणि कडेनं चाललेली किल्ल्याची उंच भिंत. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आणि ती भिंत मात्र तशीच तिच्याबरोबर चालत होती.

पण दिव्यानी काही भिंत पाहायला आली नव्हती. ती एक घर पाहायला आली होती. तेही चोरून.

ती आरमोरीची. चंद्रपुरात माती तपासायच्या प्रयोगशाळेत तिला चार महिन्यांचं काम मिळालं होतं आणि त्याच चार महिन्यांत तिला याच शहरातलं एक स्थळ आलं. मुलाचं नाव प्रफुल. किल्ल्याच्या भिंतीत विठोबा खिडकी नावाचा लहान दरवाजा आहे, त्याच्याजवळच्या एका गल्लीत घर, विजेच्या केंद्रात नोकरी, घरात आई. तिचे वडील सोमाजी धानाचे शेतकरी होते आणि शब्दाला पक्के होते. त्यांनी निरोप धाडला की पौष सरला की माघाच्या पहिल्या रविवारी घर पाहायला येतो.

झाडीपट्टीत, म्हणजे आरमोरीकडच्या मुलखात, ही रीत आहे. सोयरीक जुळायच्या आधी पोरीकडची चार शहाणी माणसं पोराचं घर पाहायला जातात. पाय धुतात, पोहे खातात, खोल्या किती, पाणी कुठून, कमावतं कोण ते विचारतात आणि बायामाणसं असली तर पिठाचा डबाही उघडून बघतात. ज्या पोरीला त्या घरात उभा जन्म काढायचा, ती तेवढी जात नाही. गेली तर नाव बापाचं जातं. दिव्यानीचं म्हणणं होतं की मी मूठभर माती हातात घेतल्याशिवाय तिच्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही, मग हे मी न पाहता कसं करू? हे म्हणणं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पायी जावं तर त्या गल्ल्यांत अनोळखी पोरीला तीन पिढ्यांची नावं सांगितल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. शिवाय तिचा फोटो त्या घरी पोचला होता. मग तिच्या कानावर या बिनबैलाच्या रेंग्या आल्या. हेल्मेटवाल्या टूरिस्टाला कोण नाव विचारतं?

त्या पहिल्या रविवारी हेमराजनं भिंतीजवळ गाडी थांबवली आणि सांगितलं की ही भिंत बांधताना राजाला इतकी घाई होती, इतकी घाई होती की गवंडी झोपले तरी ती रात्रीतून दोन हात आपोआप वाढायची. शेवटी तिला आवरायला राजानं चार दरवाजे लावले, नाहीतर ती नागपूरपर्यंत गेली असती. लालपेठेत अर्धवट कोरलेल्या दगडी मूर्ती आडव्या पडल्या आहेत, तिथे त्यानं आवाज बारीक केला. हा मोठा आहे ना, हा बारा वर्षांतून एकदा कूस बदलतो. मागच्या वेळी बदलली तेव्हा रूळ हलले, तेव्हापासून बल्लारशाची गाडी वेळेवर येत नाई. नागपूरच्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. दिव्यानी हेल्मेटाच्या आत हसली आणि तिच्या हसण्यानं काच आतून धुरकट झाली.

विठोबा खिडकीच्या गल्लीत मात्र नालीसाठी खोदून ठेवलं होतं. टूर तिकडे गेलीच नाही. दिव्यानीला याचं वाईट वाटायला हवं होतं. तिनं दुसऱ्या रविवारचं नाव नोंदवलं.

दुसऱ्या रविवारी भिंतीची गोष्ट बदलली होती. आता भिंतीच्या चुन्यात गूळ होता आणि मुंग्यांनी दोनदा ती चोरून नेली होती.

"मागच्या रविवारी घाई होती," दिव्यानी म्हणाली. "आज गूळ काऊन?"

हेमराजनं मागे वळून पाहिलं. बहुतेक त्याची गोष्ट दोनदा ऐकणारं माणूस त्याला प्रथमच भेटत होतं.

"तुमी परत आल्या म्हणून. तेच सांगू का दोनदा?"

"खरं कोणतं?"

"भिंत खरी आहे, बाई. हात लावून पाहा."

तिनं हात लावला. दगड गार होता, दवानं ओला. त्यानंही थोड्या अंतरावर हात टेकवला होता. दोघांच्या हातांत दोन दगडांचं अंतर होतं...

त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी विटांचा ट्रॅक्टर रुतला होता. तिसऱ्या रविवारी बारशाचा मांडव पडला होता. खरं सांगायचं तर तिसऱ्या रविवारी त्या गल्लीकडे मान वळवून पाहायचंसुद्धा दिव्यानी विसरली. तिच्या स्टिअरिंगचं लोखंड सकाळी बर्फासारखं व्हायचं, त्याला कुणीतरी सुताचा गमछा गुंडाळून ठेवला होता. बाकीच्या पाच गाड्यांचं लोखंड उघडंच होतं. रामाळा तलावाच्या काठी एका म्हातारीकडून हेमराजनं बोरं घेतली, सगळ्यांना मूठमूठ वाटली आणि तिच्या मुठीत आली ती सगळी पिकलेली. तो विचारायचा, आरमोरीची माणसं इतकं कमी बोलतात का? ती सांगायची, चंद्रपूरची माणसं आमच्या वाट्याचंही बोलून घेतात. त्याच्या गाडीला एक आरसा होता. मागच्या सहाही गाड्या दिसाव्या म्हणून तो बसवला आहे, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या तिसऱ्या रविवारी दिव्यानीनं नीट पाहिलं. आरसा इतका वाकडा होता की त्यात एकच गाडी दिसत होती. तिची.

तिनं मान खाली घातली. मग वर केली. त्यानं आरसा सरळ केला नाही.

चौथा रविवार उजाडला तो पौषातला शेवटचा. पुढच्या रविवारी सोमाजी येणार होते, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. त्या दिवशी तिच्या मागच्या गाडीत नागपूरचे गुणवंतराव होते, त्यांच्या मागे त्यांची बायको चंदाबाई, आणि त्यांच्या मागे त्यांच्याच ओळखीतली तीन माणसं. गुणवंतराव नोकरीतून निवृत्त झालेले, हातात वही, आणि पैसे भरले म्हणजे सगळं पाहून, विचारून, लिहूनच जायचं या मताचे.

विठोबा खिडकीजवळ गल्ली मोकळी होती. हेमराज सरळ गेला. दिव्यानी डावीकडे वळली.

एक क्षण तिला वाटलं, जमलं. घर बघू, पटकन सुटू, पुढच्या चौकात गाठू. पण नियम तो नियम. गुणवंतराव वळले. चंदाबाई वळल्या. मागचे तिघेही वळले. गल्ली अरुंद होत गेली आणि जिथे संपली ते एक अंगण होतं. सारवलेलं, मध्ये तुळस, कडेला शेवंतीच्या कुंड्यांमागून कुंड्या. स्थळाच्या निरोपात सांगितलेला निळा दरवाजा समोर होता. सहाही गाड्या अंगणात येऊन ठेपल्या आणि रिव्हर्स एकीलाही नव्हता.

निळ्या दारातून एक बाई पदर सावरत बाहेर आल्या. या गोकुळाबाई, प्रफुलची आई. त्यांनी एकदा त्या सहा जणांकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि हात जोडले.

"या जी. पौष सरायले चार दिवस होते, पण आले तं आले. आरमोरीहून निघाले केव्हा?"

दिव्यानी कुंड्यांच्या कडेला सरकली. या बाई आपल्याला पाहुणे समजल्या होत्या. आपल्याच घरून आलेले, आपल्यासाठी हे घर पाहायला आलेले पाहुणे.

आणि गुणवंतराव? हेल्मेटाच्या आत त्यांना आरमोरीचं नाव ऐकूच आलं नव्हतं. त्यांना वाटलं, हा टूरमधलाच घरगुती पाहुणचार. त्यांनी हेल्मेट काढलं, पाय धुतले, बाजेवर बसले आणि वही उघडली. घर किती वर्षांचं? खोल्या किती? पाणी नळाचं का विहिरीचं? घरात कमावतं कोण? जुनी घरं पाहायला निघालेला कुठलाही चौकस माणूस विचारेल तेच सगळं त्यांनी विचारलं. आणि पोरीकडचे पाहुणे विचारतात तेही नेमकं तेच. गोकुळाबाई एकेका प्रश्नाला ताठ होऊन उत्तर देत होत्या. चंदाबाई तर सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि पितळेचे जुने डबे बघायला मिळाले म्हणून एकेक झाकण उघडून पाहू लागल्या. गोकुळाबाईंच्या कपाळाला घाम आला, पण पोह्यांचा वास सुटलाच.

दिव्यानी एका कोपऱ्यात उभी होती. हेल्मेट डोक्यावर, काच खाली.

"ही पोरगी हेल्मेट काऊन काढत नाई?" गोकुळाबाईंनी विचारलं आणि त्या तिच्याकडे निघाल्या.

चार पावलं उरली होती. ते हेल्मेट निघालं असतं तर संध्याकाळपर्यंत आरमोरीच्या बाजारात एकच बोलणं झालं असतं की सोमाजीची पोरगी स्वतःच घर पाहायला गेली. ज्या माणसाच्या शब्दावर लोक व्यवहार करत, त्याच्याकडे बघून लोक तोंडातल्या तोंडात हसले असते. दिव्यानीचे हात हेल्मेटाच्या पट्ट्यावर घट्ट बसले.

तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी हेमराज आला. धावत, धापा टाकत. हरवलेली सहा पिल्लं शोधत तो तीन गल्ल्या फिरला होता. त्यानं बाजेवरचे गुणवंतराव पाहिले, पोह्यांच्या बशा पाहिल्या. गोकुळाबाई त्याला लहानपणापासून ओळखत होत्या. त्या म्हणाल्या, बरा आला रे हेमराज, आरमोरीचे पाहुणे आले आहेत. आणि आरमोरी हा शब्द कानावर पडल्याबरोबर त्यानं कोपऱ्यातल्या लाल हेल्मेटाकडे पाहिलं.

त्याला सगळं समजलं. दिव्यानीला दिसलं की समजलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, जसा बाजार उठल्यावर मैदानावरून आवाज निघून जातो.

मग तो हसला आणि बोलायला लागला. काकू, हे पाहुणे नाहीत, हे माझे टूरवाले, रस्ता चुकले, चूक माझीच. आणि या बाईंची काल दाढ काढली. डॉक्टरनं सांगितलं, तीन दिवस गालाला हवा लागली तर दुसऱ्या बाजूचीही जाईल. म्हणून हेल्मेट. झोपतातसुद्धा तसंच.

गोकुळाबाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग तोंडाला पदर लावून हसल्या. पोहे केलेच आहेत तर खा म्हणाल्या. पाहुणचार टूरमधला नव्हता, हे कळून गुणवंतरावांचा चेहरा उतरला, पण बशी त्यांनी खाली ठेवली नाही.

इतक्यात आतून प्रफुल आला. चष्मा लावलेला, हळू चालणारा. दाढेचं ऐकून तो पुन्हा आत गेला आणि एका पेल्यात कोमट पाणी आणि हातात दोन लवंगा घेऊन बाहेर आला. त्या त्यानं दिव्यानीच्या हातात दिल्या, काचेतून डोकावून न पाहता, आणि म्हणाला की दाढेखाली धरा, बरं वाटेल. बस एवढंच. त्यानं आणि हेमराजनं मिळून सहाही गाड्या एकेक उचलून तोंडं फिरवून ठेवली. दिव्यानीनं मुठीतल्या त्या दोन लवंगा पाहिल्या आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

टूर संपली. गुणवंतराव आणि मंडळी निघून गेली. रामाळा तलावाच्या काठी, भिंतीजवळ, ती दोघंच उरली. तिनं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं.

"सांगाचं होतं ना," हेमराज म्हणाला. "पहिल्याच दिवशी नेलं असतं मी. नालीवरून उडवून."

"आता सांगते. प्रफुल कसा आहे?"

तो तलावाकडे पाहत राहिला. पाण्यावरून धुकं उठत होतं.

"चांगला आहे," तो म्हणाला. "शाळेपासून ओळखतो. दहावीले मले गणितात त्यानंच काढलं. दारू नाई, तंबाखू नाई, आवाज चढवून बोलत नाई. काकूचं तोंड तिखट आहे, पण मन नाई. तुमचे बाबा येतीन तं नाई म्हणायसारखं त्याइले काईच सापडणार नाई."

दिव्यानीला राग आला. कशाचा आला ते तिलाही सांगता आलं नसतं.

"तुमी राजाबद्दल खोटं बोलता. भिंतीबद्दल बोलता. त्या झोपलेल्या दगडाबद्दल बोलता. आज प्रफुलबद्दल एक बोलले असते तं काय गेलं असतं तुमचं?"

"माझं काई नसतं गेलं. तुमचं गेलं असतं."

"बोलावंसं वाटलं होतं?"

तो पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहत होता, आरशाशिवाय.

"प्रफुलसंगं गाड्या उचलून राह्यलो होतो ना, तवा एक तयार झालं होतं. चांगलं होतं, बाई. तुमी विश्वास ठेवला असता."

"काय होतं?"

"ते मी कोणाले सांगणार नाई."

मग तो गाड्या झाकायला निघून गेला. पुढच्या रविवारचं नाव नोंदवायचं का, ते त्यानं विचारलं नाही. त्या चारी रविवारांत ही एकच गोष्ट त्यानं विचारली नाही.

शनिवारी दिव्यानी एसटीनं आरमोरीला गेली. रविवारी सकाळी सोमाजी ओसरीत बसून टोपीला इस्त्री करत होते. तांब्यात निखारे घालून टोपीला इस्त्री करणारे आरमोरीत ते शेवटचेच असावेत. तिनं त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं. गल्ली, अंगण, पोहे, दाढ, लवंगा. एकही शब्द गाळला नाही.

सोमाजींनी तांब्या बाजूला ठेवला. अंगणात चिमण्या धान टिपत होत्या.

"पोहे कसे होते?" त्यांनी विचारलं.

"चांगले होते, बाबा. घर चांगलं आहे. माणसं चांगली आहेत. पोरगा तं खूपच चांगला आहे."

"मंग रडून काऊन राह्यली वो, माय?"

तेव्हा तिनं दुसरं नाव सांगितलं. हेही सांगितलं की त्यानं तिला काही विचारलेलं नाही, बहुतेक विचारणारही नाही, आणि दुसऱ्यासाठी तो खरं बोलला म्हणूनच हे सगळं झालं. सोमाजींनी विचारलं, मग तो नाई म्हणाला तर? ती म्हणाली, तर मी माती तपासीन. पण प्रफुलच्या घरी आता माझ्यानं जाववणार नाही. तिकडे माझं मन नसताना त्या माणसाला मी फसवणार नाही.

सोमाजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि आरशात सरळ केली.

"जातो म्हणून शब्द देल्ला आहे, तं जाणं आहे. नाई म्हणायचं तं तोंडावर जाऊन म्हणावं लागते. अन् चंद्रपूरले जाऊनच राह्यलो तं दोन घरं पाहून येऊ. तू बी चाल. लपून जाण्यापेक्षा सांगून चाल."

त्या गल्लीत जे झालं ते सोपं नव्हतं. सोमाजींनी हात जोडून सगळं सांगितलं, दिव्यानीनं मान खाली घालून माफी मागितली. गोकुळाबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण आत भांडी बराच वेळ बोलत होती. प्रफुलनं चष्मा काढून पुसला. त्याला वाईट वाटलं, ते दिसलं. तरी दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा त्यानं दिव्यानीला विचारलं, दाढ बरी आहे का? आणि मग हळूच म्हणाला, "हेमराज त्या दिवशी गाडी उचलता उचलता हातातून सोडून राह्यला होता. मले तवाच समजायला पायजे होतं."

जटपुरा गेटाच्या आत हेमराज गाड्या पुसत होता. दुपार कलायला आली होती, ऊन उतरलं होतं आणि टूरला कुणी आलं नव्हतं. दिव्यानी समोर आली. हेल्मेट नाही, वेणी मोकळी, शेजारी पांढऱ्या टोपीतले वडील. त्याचं फडकं हातात तसंच राहिलं.

सोमाजी एका गाडीच्या चाकावर टेकले आणि रीतीप्रमाणे विचारायला लागले. शेती किती? नाई जी. घर? भाड्याचं, बिनबा गेटाजवळ, दोन खोल्या, माय अन् मी. कमाई? हिवाळ्यात ही, उन्हाळ्यात वेल्डिंगच्या दुकानात. दारू? नाई. हेमराज एकेका प्रश्नाला इतकं कमी बोलत होता की दिव्यानीला तो आजारी तर नाही ना असं वाटलं.

"अन् खोटं?" सोमाजींनी विचारलं.

"दिवसाले दोन फेऱ्या," हेमराज म्हणाला. "रविवारी तीन."

सोमाजींच्या मिशीचं टोक जरासं हललं. त्यांनी गाडीकडे बोट केलं. आलोच आहो तर फिरव म्हणाले. ते कसेबसे गाडीत मावले, धोतर गुडघ्यांत धरून, आणि दिव्यानी मागच्या गाडीत बसली. त्यांच्या मागे तेवढ्यात दोन बाहेरगावची माणसं आली, तीही बसली. वाटेत कुणाचा तरी रेडिओ लागला होता, कुठूनतरी भाजलेल्या शेंगांचा वास येत होता. भिंत तिच्या कडेनं चालत होती, आईच्या वेळेसारखीच, आणि आज वडीलही पुढच्या गाडीत लेकरासारखे मान वळवून वळवून बघत होते.

भिंतीजवळ हेमराज थांबला. ही भिंत जुनी आहे, तो म्हणाला. दगडाची आहे. मजबूत आहे.

"एवढंच?" सोमाजी म्हणाले. त्यांना हे अगदीच पटलं नाही. इतक्या लांबून यायचं, आणि एवढंच?

हेमराजनं मागे वळून दिव्यानीकडे पाहिलं. परवानगी मागावी तसं. तिनं मान हलवली. फार थोडी, पण हलवली.

"तं झालं असं, बाबाजी," हेमराज सुरू झाला. "एक राजा होता. त्याले एकच पोरगी. तिनं ठरवलं, आपलं घर आपणच पायले जायचं. राजानं एवढी भिंत बांधली तिले अडवायले, तरी ती गेली. एक घर चांगलं होतं. तिथून निघाली अन् दुसऱ्या दाराशी येऊन उभी राह्यली. ते दार लहान होतं, जी. त्या दारातल्या माणसाले बोलता येत होतं, पण त्या दिवशी काईच सुचलं नाई. तो एवढंच म्हणाला, या. जन्मभरासाठी या."

"मंग?" सोमाजी.

"मंग काय जी. ती अजून बोललीच नाई. भिंत तवापासून थांबून आहे."

मागच्या गाडीतल्या बाहेरगावच्या माणसानं हॉर्न वाजवला.

"ती हो म्हणाली," दिव्यानी म्हणाली. "चला आता पुढं. लोकं थांबले आहेत."